स्पंदक, दीपस्तंभ आणि कुंभाराचे चाक

ज्योतिःशास्त्र हा विषय मराठी वाङ्मयास नवा नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्रचंड इतिहास सिद्ध केला. परंतु त्याच लेखणीने ‘ज्योतिर्विलास’ या छोट्या पुस्तकास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे जोडनाव देऊन घरातील मंडळींना अंगणात नेले व तारे दाखविले. पुढे जयंत नारळीकर यांनी विज्ञानकथा, निबंध आणि ग्रंथ यांच्या द्वारे हेच व्रत अनेक दशके चालविले. २०२१ साली नाशिकच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद एका खगोलशास्त्रज्ञास मिळाले, हा त्या व्रताचा गौरवच होय. नारळीकर २०२५ साली निवर्तले. अशा वेळी या परंपरेच्या वारसांनी आपल्या भाषेची झडती घेणे अप्रस्तुत होणार नाही.

या झडतीसाठी एकच विषय घेऊ : न्यूट्रॉन तारे, त्यांतून निघालेले स्पंदक, आणि विशेषतः घनदाट तारकागुच्छांत राहणारे स्पंदक. विषय दूरचा वाटेल. परंतु त्याच्या इतिहासातील एक मोलाचे प्रकरण पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद गावाच्या शिवारात लिहिले गेले आहे. ते आपल्या भाषेत नीट सांगता येते की नाही, ही मराठीची एक चांगली परीक्षा आहे.

प्रथम नावाचाच विचार करू. १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या विद्यार्थिनीस दर १.३४ सेकंदांनी नियमाने येणारे रेडिओलहरींचे ठोके आढळले. इंग्रजीत त्या ज्योतीचे नाव ‘पल्सार’ पडले आणि मराठीने ‘स्पंदक’ हा शब्द घडविला. शब्द कानाला गोड आहे, सुटसुटीत आहे, पण तो खोटे बोलतो. स्पंदन म्हणजे आकुंचन आणि प्रसरण. हृदय स्पंदन पावते. हा तारा फुगत नाही आणि आकसतही नाही. तो स्वतःभोवती फिरतो. ही शब्दच्छलाची गोष्ट नव्हे. १९६८ साली शास्त्रज्ञांपुढे नेमका हाच वाद होता : हे ठोके एखाद्या श्वेत बटूच्या स्पंदनाचे की न्यूट्रॉन ताऱ्याच्या भ्रमणाचे? टॉमस गोल्ड यांनी भ्रमणाचा पक्ष मांडला. त्याच वर्षी क्रॅब तेजोमेघात सेकंदास तीस ठोके देणारा स्पंदक सापडला. इतक्या वेगाने फिरू लागला तर श्वेत बटूच्या चिंधड्या होतील. शिवाय त्या स्पंदकाचा वेग मंदगतीने कमी होत आहे असेही दिसले. फिरत्या वस्तूची शक्ती खर्च होऊ लागली म्हणजे असेच घडावयाचे. वाद निकालात निघाला आणि भ्रमणाचा पक्ष जिंकला. मात्र नाव हरलेल्या पक्षाचे राहिले. आता रूढ झालेला शब्द टाकून देता येत नाही, आणि टाकूही नये. पण जो लेखक ‘स्पंदक’ म्हणून पुढे जातो आणि हे स्पंदन नव्हे हे सांगत नाही, तो वाचकाच्या हाती पहिल्याच ओळीत खोटे नाणे ठेवतो.

दुसरे उदाहरण चमच्याचे. न्यूट्रॉन ताऱ्यावरील चमचाभर द्रव्य पृथ्वीवर आणले तर त्याचे वजन अमुक इतके कोटी टन भरेल, हे वाक्य या विषयावरील लेखांत हटकून भेटते. हिशोब चुकीचा नाही. तथापि त्याने अद्भुतरसाखेरीज वाचकाच्या पदरात काय पडते? पुढचे पाऊल कोठे टाकावे हे त्या चमच्यातून कळत नाही. त्यापेक्षा साधे अंतर सांगावे. धाराशिवहून तुळजापुरास जाण्यास जेवढी वाट तुडवावी लागते, साधारण तेवढ्याच, म्हणजे सुमारे वीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात सूर्याहूनही अधिक वस्तुमान सामावलेले असते. हे सांगितले की प्रश्न आपोआप उभे राहतात : एवढे आकुंचन झाले कसे, ते अधिक का झाले नाही, आणि तारा इतका आकसला तर त्याच्या भ्रमणाचे काय झाले? सूर्याच्या अनेक पटींनी जड असलेल्या ताऱ्याचे इंधन संपते, त्याचा गाभा स्वतःच्या भाराने कोसळतो, आणि न्यूट्रॉन कणांचा परस्परविरोध त्या कोसळण्यास अखेरीस आवर घालतो. फिरता मनुष्य पसरलेले हात छातीशी घेतो तेव्हा त्याची गिरकी वाढते, तशी या गाभ्याची गिरकीही वाढते. १९३२ साली चॅडविकने न्यूट्रॉन शोधला आणि १९३४ साली बाडे व झ्विकी यांनी ताऱ्याच्या महास्फोटातून न्यूट्रॉनांचा तारा उरत असावा अशी कल्पना मांडली. तिला आधार मिळावयास तेहतीस वर्षे लागली. या क्रमात आश्चर्य नाही असे कोण म्हणेल? परंतु हे आश्चर्य पायऱ्यांनी वर नेते; चमच्याचे आश्चर्य वाचकाला जागच्या जागी थक्क करून सोडते.

तिसरा आणि सर्वांत लोकप्रिय अलंकार दीपस्तंभाचा. स्पंदकाच्या चुंबकीय ध्रुवांजवळून रेडिओलहरींचा झोत निघतो. तारा फिरतो तसा झोतही फिरतो. तो आपल्या दिशेने आला की एक ठोका नोंदला जातो. हे सांगावयास दीपस्तंभ उत्तम आहे, आणि त्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. ज्यांचे झोत आपल्याकडे वळतच नाहीत ते असंख्य स्पंदक आपणांस दिसत नाहीत, हेही त्यातून सहज उमगते. तथापि या उपमेत दोन उणिवा आहेत. एक, ती समुद्रकाठची आहे. बालाघाटाच्या पठारावर, जेथे पाण्याची वाट पाहण्यात उन्हाळा जातो तेथे, ती पुस्तकातूनच आलेली असते. ही उणीव लहान. मोठी उणीव ही की दीपस्तंभ वेगाचे कारण सांगत नाही. त्याचा दिवा कोणी तरी यंत्राने फिरवितो, एवढेच आपण गृहीत धरतो. आणि तारकागुच्छांतील स्पंदकांचा सगळा मर्मभाग तर वेगाच्या कारणात आहे.

ते असे. सामान्य स्पंदक आपली शक्ती उधळीत मंदावतो आणि काही कोटी वर्षांत मुका होतो. गोलाकार तारकागुच्छ हे आकाशगंगेतील अतिवृद्ध समूह. त्यांपैकी बहुतेकांचे वय हजार कोटी वर्षांहून अधिक. न्यूट्रॉन तारे ज्यांच्यापासून व्हावयाचे ते जड तारे तेथे केव्हाच संपले. अर्थात गुच्छांत स्पंदकांची नुसती राख उरावयास हवी होती. प्रत्यक्षात १९८७ साली एम २८ या गुच्छात पहिला स्पंदक सापडला, तो सेकंदास तीनशेहून अधिक वेळा फिरणारा निघाला. आणि आज अशा गुच्छांतून तीनशेंहून अधिक स्पंदक ज्ञात आहेत. ताऱ्यांच्या संख्येच्या मानाने पाहिले तर उरलेल्या आकाशगंगेपेक्षा हे म्हातारे गुच्छच अतिवेगवान स्पंदकांनी अधिक समृद्ध आहेत. जेथे स्मशानशांतता असावी तेथे जत्रा भरावी, तसे हे झाले.

या कोड्याची किल्ली १९८२ साली हाती आली होती. त्या वर्षी डोनाल्ड बॅकर, श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी सेकंदास ६४२ वेळा फिरणारा स्पंदक शोधला. हे कुलकर्णी कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचे, जन्म १९५६ चा. पुढे त्यांनी एम १५ आणि एम १३ या गुच्छांतील स्पंदकांच्या शोधांतही भाग घेतला. इतका वेग जन्मजात असू शकत नाही, तो मागाहून मिळविलेला असला पाहिजे, असा विचार त्याच वर्षी बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन व जी. श्रीनिवासन यांनी, आणि स्वतंत्रपणे परदेशांतील शास्त्रज्ञांनी मांडला. मुका झालेला न्यूट्रॉन तारा एखाद्या जिवंत ताऱ्याशी जोडीने राहत असेल, तर तो जोडीदार वृद्धपणी फुगतो, त्याचे द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्यावर वाहू लागते, आणि ते तिरपे येऊन पडत असल्यामुळे ताऱ्याची गिरकी वाढवीत जाते.

येथे धाराशिव जिल्ह्यातील वाचकास दुसरीकडे उपमा शोधण्याचे कारण नाही. तेर हे गोरोबाकाकांचे गाव. कुंभाराचे जड चाक मंदावले म्हणजे कुंभार त्याच्या कडेजवळच्या खाचेत काठी घालून त्यास पुन्हा गती देतो. काठी चाकाच्या मध्यावर रोवून काही होत नाही. जोर कडेला, आणि फिरण्याच्या दिशेने, द्यावा लागतो. जोडीदाराकडून येणारे द्रव्य हीच ती काठी. चाकावर एका छिद्राचे झाकण घातलेला दिवा ठेविला तर दीपस्तंभाने जे साधले तेही साधते, आणि शिवाय वेग का वाढला हे कळते. अर्थात कोणतीही उपमा शेवटपर्यंत ताणू नये. काठीचे हिसके थांबून थांबून बसतात, द्रव्याचा ओघ लक्षावधी वर्षे सलग चालतो. चाक खुंटीच्या घर्षणाने मंदावते, स्पंदक आपल्या चुंबकक्षेत्राच्या द्वारे शक्ती गमावून मंदावतो. आणि द्रव्याच्या वर्षावात हे क्षेत्र दुबळे होत असल्यामुळे नव्याने गती मिळालेला स्पंदक अब्जावधी वर्षे टिकतो. उपमा जेथे संपते ती जागा वाचकास दाखविणे, हाच तिचा प्रामाणिक उपयोग होय.

अशा ताऱ्यास इंग्रजीत जे विशेषण लावतात त्यास रद्दीचा वास येतो. मराठीत कोणी ‘पुनर्जन्म’ म्हणतात. परंतु पुनर्जन्मात देह बदलतो, येथे देह तोच आहे. कोणी ‘पुनश्चक्रित’ म्हणतात. हा शब्द भाषांतराच्या गरजेतून निघाला असला तरी तो मूळ इंग्रजी शब्दापेक्षा सरस ठरला आहे. पुन्हा चाकावर चढविलेला, असा अर्थ त्यातून सरळ निघतो. आपल्या भाषेने नकळत जे मिळविले ते आता जाणून वापरले पाहिजे.

गुच्छांत हे वारंवार का घडते, याचे उत्तर दाटीत आहे. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. घनदाट गुच्छाच्या गाभ्यात तेवढ्याच अंतराच्या आत सहस्रावधी तारे असतात. नवरात्रात तुळजापुरी देवीच्या वाटेवर जशी खांद्यास खांदा लागतो, तसे तारे परस्परांच्या ओढीच्या टप्प्यात येतात. एकटा न्यूट्रॉन तारा एखाद्या जोडीजवळून जातो, तिघांची ओढाताण होते, आणि बहुधा तिघांतील हलका बाहेर फेकला जातो. आपल्याकडील विनोदप्रिय लेखक येथे सोडचिठ्ठी आणि सवत यांचे रूपक हौसेने काढतात. हसू येते, पण विचार तेथेच थांबतो. कारण खरा प्रश्न असा की ही अदलाबदल कोणी पाहिलेली नसता ती झाली हे आपण कशावरून म्हणतो?

या प्रश्नाचे उत्तर खोडदच्या शोधाइतके स्वच्छ क्वचितच मिळेल. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून तेथे उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मध्यभागी, सुमारे एक किलोमीटरच्या चौकात. उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. थाळ्यांना अखंड पत्रा नाही. ताणलेल्या दोरखंडांवर पोलादी तारांची जाळी बसविली आहे, त्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी राहते आणि खर्चही वाचतो. डोंगरांच्या आडोशामुळे गावाशहरांचा रेडिओगोंगाट कमी, आणि अक्षांश विषुववृत्ताजवळचा असल्यामुळे दक्षिणेकडील आकाशही पुष्कळ दिसते.

या दुर्बिणीने पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि सी. एच. ईश्वरचंद्र यांनी कपोत या दक्षिणेकडील तारकासमूहातील एनजीसी १८५१ या गुच्छात एक स्पंदक शोधून काढला व त्याची हकीकत २००४ साली प्रसिद्ध केली. या दुर्बिणीने लावलेला हा पहिलाच नवा स्पंदक. तो ४.९९ सहस्रांश सेकंदात एक गिरकी घेतो, म्हणजे सेकंदास सुमारे दोनशे. १८.८ दिवसांत तो जोडीदारासह एक प्रदक्षिणा पुरी करतो. येथपर्यंत नवल नाही. नवल कक्षेच्या आकारात आहे : तिची विकेंद्रता ०.८८८, म्हणजे दोघे दूरात दूर असतात तेव्हाचे अंतर जवळात जवळ असतानाच्या अंतराच्या सुमारे सतरा पट भरते.

आता अनुमानाची साखळी पाहा. स्पंदकाचा वेग सांगतो की त्याने कोणाचे तरी द्रव्य दीर्घकाळ घेतले आहे. द्रव्य देण्याघेण्याच्या काळात ओढीमुळे कक्षा वर्तुळाकार होते, आणि देणारा तारा अखेरीस हलका श्वेत बटू होऊन उरतो. येथे कक्षा वर्तुळ नाही आणि जोडीदार हलका नाही. तेव्हा आजचा जोडीदार हा चाकाला काठी लावणारा नव्हे. काठी लावणारा कोणी दुसराच होता. तो गेला आणि त्याच्या जागी हा जड जोडीदार आला. सुधारलेल्या दुर्बिणीच्या वेधांवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या गणिताने हा निष्कर्ष अधिक पक्का केला. कक्षेचा दीर्घ अक्ष आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे अतिमंद वळत आहे. त्यावरून दोघांचे मिळून वस्तुमान सूर्याच्या २.४७ पट निघाले, आणि वाटणी केली असता स्पंदकाच्या वाट्यास सुमारे १.२५ व जोडीदाराच्या वाट्यास सुमारे १.२२ आले. जोडीदारही कदाचित न्यूट्रॉन ताराच असेल. सुमारे चाळीस हजार प्रकाशवर्षे दूरच्या दोन अदृश्य गोळ्यांचा पूर्ववृत्तांत केवळ ठोक्यांच्या वेळा नोंदून लिहिला गेला.

वाङ्मयाचा टीकाकार म्हणून या शोधनिबंधाचे कौतुक करावेसे वाटते ते त्यातील संयमासाठी. त्याच्या मथळ्यात विशेषण आहे ते एवढेच की कक्षा अतिशय लांबट आहे. आणि तेच विशेषण सगळ्या कथेचे बीज आहे. याउलट अशा शोधाची वार्ता आपल्याकडे बहुधा ‘विश्वाचे रहस्य उलगडले’ या थाटाने येते. रहस्य कोणते, उलगडले कसे, आणि उलगडणाऱ्यांनी काय राखून ठेवले, हे तिघेही मथळ्याखाली चिरडले जातात.

काय राखून ठेवले, याचा धडा याच गुच्छाने पुन्हा दिला. दक्षिण आफ्रिकेतील चौसष्ट थाळ्यांच्या मीरकॅट दुर्बिणीने एनजीसी १८५१ मध्येच दुसरा एक द्वंद्वस्पंदक हेरला. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या जोडीदाराचे वस्तुमान सूर्याच्या २.०९ ते २.७१ पट. न्यूट्रॉन तारा म्हणावे तर तो अतिजड, कृष्णविवर म्हणावे तर अतिहलके. दोन न्यूट्रॉन तारे पूर्वी एकमेकांत मिसळून तो बनला असावा, असे अनुमान आहे. परंतु तो आज कोण आहे याविषयी शोधकांनी ‘किंवा’ हा शब्द सोडलेला नाही.

संतकथेत गोरोबाकाका थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर टिचकी मारून कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के हे सांगतात. स्पंदकांचा अभ्यास हा तसाच आवाजावरून परीक्षा करण्याचा धंदा आहे. परंतु या एका मडक्यापर्यंत थापटणे अद्याप पोचलेले नाही, आणि पोचले नाही हे कबूल करणे यातच कुंभाराचे कसब आहे. जो मराठी लेखक उत्साहाच्या भरात त्या ‘किंवा’चा लोप करून सरळ कृष्णविवर जाहीर करतो, तो शास्त्राला सोपे करीत नाही, तो शास्त्राचे शास्त्रपणच काढून घेतो.

कोणी म्हणेल, सामान्य कुटुंबातील वाचकास एवढा काटेकोरपणा कशाला? त्याला दोन घटका मौज मिळाली म्हणजे झाले. परंतु दीक्षितांची मौज वाचकाच्या हातून काम करून घेणारी होती. तारा कोठे, केव्हा आणि कसा पाहावा हे सांगणारी होती. आणि येथे पणास लागलेली वस्तू लहान नाही. ‘कसे कळले’ हे इंग्रजीत आणि ‘केवढे नवल’ हे मराठीत, अशी वाटणी एकदा कायम झाली म्हणजे मराठी ही थक्क होण्याची भाषा उरेल, विचार करण्याची राहणार नाही. धाराशिवच्या किंवा भूम-परंड्याच्या शाळेतील मुलास त्याच्या भाषेने केवळ टाळ्या वाजवावयास शिकविले, तर पुढे प्रश्न विचारण्यासाठी त्यास भाषाच बदलावी लागेल.

उपाय अवघड नाहीत. रूढ शब्द वापरावा, पण त्यातील खोट सांगावी. उपमा जवळची घ्यावी, पण ती कोठे तुटते ते दाखवावे. आकडा द्यावा तो पुढच्या पायरीसाठी द्यावा. आणि शास्त्रज्ञाने जेथे ‘किंवा’ म्हटले असेल तेथे आपणही ‘किंवा’च म्हणावे. शिवाय दीक्षितांची रीत सोडू नये : वाचकास अंगणात न्यावे. जानेवारीच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास मृगाच्या पायाशी असलेला तेजस्वी राजन्य याम्योत्तर वृत्तावर येतो. त्याच्या सरळ खाली दक्षिणेस, धाराशिवहून पाहता क्षितिजाच्या वर सुमारे बत्तीस अंशांवर, आणि अगस्तीच्या पश्चिमेस वरच्या बाजूस, चांगल्या द्विनेत्री दुर्बिणीतून एक धूसर ठिपका दिसतो. तोच एनजीसी १८५१. त्यातील चाके डोळ्यांस दिसणार नाहीत. ती कशी फिरू लागली हे शब्दांनीच दाखवावे लागेल, आणि ते काम मराठी लेखकाचे आहे.